भरपाईचे पैसे वकिलाकडेच अडकलेत? बार कौन्सिलकडे तक्रार अशी करा

अपघाताची नाहीतर भूसंपादनाची भरपाई कोर्टातून निघाली, वकिलाने उचलली आणि तुम्हाला मात्र "अजून आली नाही" हेच ऐकवतायत, तर ग्राहक कोर्टात जाऊ नका, वकिलांवर तिथे केस चालत नाही हे सुप्रीम कोर्टाने २०२४ मध्येच स्पष्ट केलंय. वकिलाकडे महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलची (वकिलांची नोंदणी आणि शिस्त बघणारी संस्था) सनद, म्हणजे वकिलीचा परवाना असेल तर तक्रार त्याच कौन्सिलच्या मुंबई ऑफिसला, ॲडव्होकेट्स ॲक्ट १९६१, कलम ३५ खाली. तक्रार पक्षकाराने करायची, समोरच्या पार्टीच्या वकिलावर केलेली सहसा टिकत नाही. नुसती केस हरलो हेही कारण चालत नाही.

आधी वकिलाला स्पीड पोस्टाने पत्र टाकून हिशोब मागा. पक्षकाराच्या पैशांचा हिशोब ठेवणं, पैसे आले की लगेच कळवणं, मागितल्यावर हिशोबाची कॉपी देणं हे नियमाने त्यांच्यावर बंधनकारक आहे, आणि खर्चाला दिलेले पैसे तुमच्या लेखी परवानगीशिवाय फीमध्ये वळवता येत नाहीत.

कागदपत्रांत वकीलपत्र, निकालाची नक्कल, पासबुक, यूपीआय आणि व्हॉट्सॲपचे प्रिंट तर हवेतच, पण खरा पुरावा म्हणजे पैसे कोणत्या तारखेला कोणाच्या नावाने दिले गेले त्याची कोर्टातली नोंद, नाझरकडे (कोर्टातले पैशांचे व्यवहार बघणारा कर्मचारी) चौकशी करून त्याची नक्कल काढाच. पैसे वकिलाच्या कारकुनाच्या हातात दिले असतील तर कधी, किती, कोणासमोर ते लिहा. कौन्सिल कारकुनावर कारवाई करू शकत नाही, सनद वकिलाची आहे, म्हणून वकिलाला हे माहीत होतं किंवा सांगूनही त्यांनी लक्ष घातलं नाही हे दाखवणारा मेसेज जपून ठेवा.

अर्ज मराठीत चालतो, खाली सही आणि व्हेरिफिकेशन (मजकूर खरा असल्याचं लिहून देणं) पाहिजे, फी आणि कॉपी किती ते ऑफिसातच विचारा. तथ्य वाटलं तर प्रकरण शिस्तपालन समितीकडे जातं. वर्षभरात निकाल नाही लागला तर ते बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जातं. शिक्षा म्हणजे समज, सनद ठराविक काळ बंद, नाहीतर वकिलांच्या यादीतून नावच काढणं. उत्तर प्रदेशात एका म्हाताऱ्या, निरक्षर शेतकऱ्याचे भूसंपादनाचे ८,११८ रुपये वकिलाने दाबले आणि वर खोटं तडजोडीचं प्रतिज्ञापत्र दिलं, त्याचं नाव सुप्रीम कोर्टाने २००२ मध्ये कायमचं काढलं. रक्कम लहान आहे म्हणून गप्प बसू नका.

मात्र कलम ३५ च्या शिक्षेत पैसे परत मिळवून देणं येत नाही, त्यासाठी दिवाणी दावा किंवा पोलिसात विश्वासघाताची तक्रार वेगळी करावी लागते. मधेच तडजोड झाली तरी तेवढ्यावरून कौन्सिलची चौकशी बंद होत नाही. निकाल पटला नाही तर ६० दिवसांत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे अपील.