नर कोणता, मादी कोणती?

आमच्या टाकीतल्या एंजल माशांनी पहिल्यांदा अंडी घातली ती फिल्टरच्या उभ्या नळीवर. मोहरीहून बारीक, मधाच्या रंगाची, एका ओळीला खेटून दुसरी ओळ. दोन्ही मासे आळीपाळीनं नळीसमोर उभे राहून आपल्या परांनी अंड्यांवर पाणी ढवळत होते. तिसऱ्या दिवशी सगळी अंडी पांढरी पडली. काही दिवसांनी पुन्हा अंडी, पुन्हा तेच. असं पाच वेळा झालं. दर वेळी मी काहीतरी बदलत होते: कधी पाणी, कधी तापमान, कधी औषध. सहाव्या वेळी टाकीसमोर खुर्ची टाकून बसले आणि शेवटपर्यंत पाहिलं. अंडी एक मासा घालत नव्हता, दोघंही घालत होते. दुकानातून 'नक्की जोडी' म्हणून आणलेले ते मासे म्हणजे दोन माद्या होत्या.

त्या दिवसापासून माझा माशांकडे बघायचा डोळा बदलला. एंजलच्या नर-मादीत रंगाचा किंवा आकाराचा भरवशाचा फरक नाही. कपाळावर उंचवटा दिसला की नर, असं सांगतात. वयस्कर नरात तो दिसतो खरा, पण धष्टपुष्ट मादीतही दिसू शकतो. खात्रीची खूण एकच, आणि ती अंडी घालायच्या आदल्या दिवसापासून फार थोडा वेळ दिसते. पोटाखाली, गुदद्वाराच्या मागे एक छोटी नळी बाहेर येते. मादीची नळी जाड आणि बोथट, कारण तिच्यातून अंडी यायची असतात. नराची बारीक आणि टोकदार. एरवी, टाकीत नर नसला तर दोन माद्या एकमेकींशी जोडी जमवतात, जागा राखतात, अंडी घालतात, त्यांच्यावर पहाराही देतात. बाहेरून बघणाऱ्याला त्यात काहीच कमी दिसत नाही.

एंजल हा सिक्लिड कुळातला मासा. या कुळात दीड हजाराहून जास्त जातींची शास्त्रीय नोंद झाली आहे. डिस्कस, ऑस्कर, फ्लॉवरहॉर्न, दुकानात नुसतं 'आफ्रिकन' म्हणून विकले जाणारे निळे-पिवळे मासे, सगळे याच कुळातले. उजनीच्या काठावर विकली जाणारी चिलापी आणि गोव्यातलं कालुंदर हेही त्यांचेच भाऊबंद. ओळख पटवायची असेल तर नाक बघावं. बहुतेक माशांना डोक्याच्या प्रत्येक बाजूला दोन नाकपुड्या असतात, सिक्लिडना एकेकच. दुसरी खूण बाहेरून दिसत नाही: घशात आणखी एक जबडा असतो. तोंडाच्या जबड्यानं पकडायचं आणि घशातल्या जबड्यानं चावायचं, अशी कामाची वाटणी झाल्यामुळे पुढचा जबडा मोकळा झाला. मग कुणी खडकावरचं शेवाळ खरवडू लागलं, कुणी गोगलगाई फोडू लागलं, तर कुणी दुसऱ्या माशांच्या अंगावरचे खवले ओरबाडून खाऊ लागलं.

पण घरी मासे पाळणारा माणूस या कुळाच्या प्रेमात पडतो तो त्यांच्या संसारामुळे. रोहू-कटला पावसाळ्यात लाखो अंडी पाण्यात सोडतात आणि निघून जातात. सिक्लिड अंड्यांपाशी थांबतात, पिल्लांना वाढवतात. म्हणून इथे नुसते एक नर आणि एक मादी आणून भागत नाही, त्या दोघांचं जमावं लागतं. माझं ठाम मत आहे की एंजलची 'जोडी' विकत घेऊच नये. रुपयाएवढी सहा पिल्लं घ्यावीत, एकत्र वाढवावीत आणि वाट बघावी. आठ-दहा महिन्यांत त्यातले दोघं टाकीचा एक कोपरा धरतात आणि बाकीच्यांना तिथे फिरकू देत नाहीत. आपण ठरवलेल्या जोडीपेक्षा त्यांनी ठरवलेली जोडी टिकते.

आफ्रिकेतल्या सरोवरांचे मासे याच्या अगदी उलट वाटतात. त्यांच्यात नर भडक आणि मादी फिकी, मग ओळखायला काय अवघड? पण अडचण इथेही येते. मलावी सरोवरातला केन्यी मासा घ्या. त्याची पिल्लं निळसर, गडद पट्ट्यांची असतात आणि माद्या जन्मभर तशाच राहतात. नर वयात येताना पिवळा होतो. दुकानात पिल्लांची झुंड बघणाऱ्याला सगळे निळे मासे सारखेच दिसतात. त्याच सरोवरातला इलेक्ट्रिक यलो तर नर असो की मादी, पिवळाच. नराच्या परांची काळी किनार जास्त गडद असते एवढंच, आणि तीही दबून राहणाऱ्या नरात फिकी पडते.

हे दबून राहणं फार महत्त्वाचं आहे. आफ्रिकेतल्याच टांगानिका सरोवराच्या परिसरातल्या बर्टनी नावाच्या सिक्लिडवर स्टॅनफर्ड विद्यापीठात रसेल फर्नाल्ड यांनी अनेक वर्षं काम केलं. या माशांत ज्याच्या ताब्यात जागा असते तो नर रंगीत आणि बाकीचे नर मादीसारखे मळकट. तो म्होरक्या टाकीतून काढला की दबलेल्यांपैकी एक काही मिनिटांत रंग चढवतो, डोळ्याजवळ काळा पट्टा उमटतो. बदल कातडीवरच थांबत नाही. पुढच्या दिवसांत मेंदूतल्या प्रजननाचं नियंत्रण करणाऱ्या पेशी मोठ्या होतात आणि वृषणंही वाढतात. म्हणजे दुकानाच्या गर्दीतून निवडून आणलेल्या 'चार माद्यां'पैकी दोघं घरी आल्यावर नर निघाले, तर तो चमत्कार नव्हे. ते आधीपासून नरच होते, रंग दाखवायची सोय नव्हती.

म्हणून जाणकार माणूस मासा हातात घेऊन पोटाकडून बघतो. ओल्या हातावर किंवा जाळीत मासा उताणा धरला की दोन छिद्रं दिसतात: डोक्याकडचं गुदद्वार, शेपटीकडचं जननछिद्र. नरात दोन्ही साधारण सारखी, मादीत मागचं ठळकपणे मोठं. पाच-सहा सेंटिमीटरच्या पुढचा मासा असेल आणि शेजारी तुलनेला दुसरा असेल, तर अंदाज बहुधा बरोबर येतो. मासा पाण्याबाहेर काही सेकंदांपेक्षा जास्त ठेवू नये आणि कोरड्या हातानं धरू नये. अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचं चिलखत आहे.

आता यातली सर्वांत विलक्षण गोष्ट. काही सिक्लिडमध्ये पिल्लू नर होणार की मादी, हे जनुकांबरोबर पाणीही ठरवतं. पश्चिम आफ्रिकेतला क्रिबेन्सिस हा बोटाएवढा, गरीब स्वभावाचा मासा, मादीचं पोट चेरीसारखं लाल. त्याची अंडी-पिल्लं आम्लधर्मी पाण्यात वाढली तर नर जास्त निघतात, पीएच (पाणी आम्ल की अल्कली हे सांगणारा आकडा, 7 म्हणजे मधोमध) 7 च्या आसपास असला की प्रमाण बरोबरीला येतं. ॲमेझॉनकडच्या एपिस्टोग्रामा जातींवर रोमर आणि बाइझेनहर्त्स या जर्मन संशोधकांनी 1996 मध्ये अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात बहुतेक जातींत पाणी जितकं उबदार, तितके नर जास्त, असं दिसलं. त्यामुळे एखाद्या विणीत सगळे नरच निघाले, तर आधी हीटरचा आकडा तपासावा.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर थोडं इथे थांबते, कारण मासे मरतात ते बहुधा रोगानं नव्हे, पाण्यानं. नव्या टाकीत माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो. त्याचं आधी नायट्राइट आणि मग तुलनेनं निरुपद्रवी नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरमध्ये वस्ती करायला महिनाभर घेतात. हा महिना धीर धरावा. पुढेही फिल्टरचा स्पंज नळाखाली धुऊ नये, क्लोरीन त्या जिवाणूंना मारतो. टाकीतूनच काढलेल्या पाण्यात तो हलकेच पिळावा. आठवड्याला पाव टाकी पाणी बदललं तर दुकानातल्या औषधांच्या बाटल्यांची फारशी गरज पडत नाही.

कुठला मासा आणायचा हे आपल्या नळाला विचारावं. ज्या बोअरच्या पाण्यात डाळ शिजता शिजत नाही, ते जड पाणी मलावीच्या माशांना मानवतं. त्या सरोवराचा पीएचच 7.8 ते 8.6 असतो. त्याच पाण्यात डिस्कस पाळायचा हट्ट केला तर दोघांचेही हाल. धरणाचं मृदू पाणी येत असेल तर एंजल, क्रिबेन्सिस निवडावेत. थंडीत पुण्या-नाशिकला हीटर लागतोच. विदर्भाच्या उन्हाळ्यात उलट अडचण, तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, तेव्हा हवेचा पंप बंद पडू देऊ नये.

माझ्या टाकीत पुढे सहा पिल्लांतून खरी जोडी जमली. त्यांना वेगळी, उंच टाकी दिली आणि एक स्लेटची पाटी तिरकी उभी केली. त्यांनी दोन दिवस ती पाटी तोंडानं घासून स्वच्छ केली आणि तिच्यावर अंडी घातली. 27 अंशांना अडीच दिवसांत अंडी फुटतात, पण पिल्लं लगेच पोहत नाहीत. डोक्यावरच्या चिकट धाग्यानं पाटीला लटकून शेपट्या हलवत राहतात. एखादं खाली पडलं की आई किंवा बाप ते तोंडात उचलून परत चिकटवतो. पाच-सहा दिवसांनी पोटातला बलक संपतो आणि सगळा थवा एकदम सुटतो. तेव्हा आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जिवाची, नुकती फुटलेली पिल्लं तयार हवीत. मिठाच्या पाण्यात हवा सोडली की आर्टेमियाची अंडी एक-दीड दिवसात फुटतात. पहिल्या पिढीला मी उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक घालून पाहिला होता. पाणी नासलं आणि निम्मी पिल्लं गेली, त्याची रुखरुख अजून आहे. रात्री खोलीत झिरोचा बल्ब चालू ठेवावा. पूर्ण अंधारात आईबाप थव्याची राखण करू शकत नाहीत.

पहिल्या एक-दोन विणी बहुधा आईबाप स्वतःच खाऊन टाकतात. धंदा करणारे म्हणूनच अंडी काढून निळ्या औषधाच्या पाण्यात वेगळी वाढवतात. त्यांचं गणित मला समजतं. पण घरी पाळणाऱ्यानं तिसऱ्या-चौथ्या विणीपर्यंत थांबावं. तरुण जोडी हळूहळू सरावते.

मलावीच्या माशांचा मार्ग वेगळा, तिथे अंडी तोंडात वाढतात. मादी थोडी अंडी घालते, लगेच वळून तोंडात घेते. नराच्या मागच्या परावर अंड्यांसारखे पिवळे ठिपके असतात. तो पर पसरून थरथरवतो, मादी त्या ठिपक्यांना टोचायला जाते आणि तिच्या तोंडात शुक्रजंतू जातात. हे ठिपके म्हणजे अंड्यांची नक्कल आहे, ही कल्पना प्राण्यांच्या वागण्याचे अभ्यासक वोल्फगांग विक्लर यांनी 1962 मध्ये मांडली. पुढच्या संशोधनानं तिच्यात भर घातली, वादही घातले. त्यानंतर सुमारे तीन आठवडे मादी जवळजवळ अन्नावाचून राहते. घशाखाली फुगीर पिशवी दिसली आणि खाणं टाकूनही मादी पुढे आली नाही, की समजावं, तोंडात अंडी आहेत. एका नरामागे तीन-चार माद्या का ठेवायच्या, तेही इथे कळतं: एकटीच असेल तर नर तिला धड उभं राहू देत नाही. टांगानिकात एक मिशाळ मासा अशा सिक्लिड माद्यांच्या तोंडातच आपली अंडी घुसवतो. त्याची पिल्लं आधी फुटतात आणि यजमानाची पिल्लं खातात. कावळ्याच्या घरट्यातल्या कोकिळेपेक्षाही हे क्रूर.

टाकीत शंभर-दीडशे पिल्लं वाढली की ती द्यायची कुणाला, हा प्रश्न येतो. नदीत, तलावात, विहिरीत ती कधीही सोडू नयेत. मोझांबिकची चिलापी 1952 मध्ये भारतात आणली गेली आणि आता ती इथल्या कितीतरी जलाशयांत इथल्या माशांची जागा बळकावून बसली आहे. पिल्लं खपणार नसतील तर अंडी असतानाच काढून टाकावीत. ते कठोर वाटतं, पण त्याचा त्रास एका टाकीपुरताच राहतो.

आणि एवढं सगळं परदेशी माशांबद्दल लिहिताना मला नेहमी वाटतं, आपल्याकडच्या माशाकडे आपण बघतच नाही. भारतात सिक्लिडच्या तीनच मूळ जाती आहेत. कालुंदर त्यांतली सगळ्यात मोठी, केरळात तिला करिमीन म्हणतात. दुसरी बोटभर लांबीची ऑरेंज क्रोमाइड, दक्षिण भारताच्या आणि श्रीलंकेच्या खाड्यांतली. तिसरी कर्नाटकातल्या नद्यांतली. त्यांचे सर्वांत जवळचे नातलग मादागास्करमध्ये आहेत. भारत आणि मादागास्कर एकमेकांना जोडलेले असतानाच त्यांचे पूर्वज इथे होते, की ते नंतर समुद्र ओलांडून आले, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही.

ऑरेंज क्रोमाइडचे नर-मादी ओळखणं एंजलइतकंच अवघड. पुन्हा सहा पिल्लं, पुन्हा वाट. पण जोडी जमली की जे दिसतं त्यासाठी ती वाट सोसावी. मराठीत आपण तान्ह्या मुलाबद्दल म्हणतो, अजून अंगावर पितं. इथे ते शब्दशः खरं आहे. विणीच्या काळात आईबापांच्या कातडीवरचा बुळबुळीत स्राव वाढतो आणि पिल्लं तो टिपून खातात. वॉर्ड आणि बार्लो या संशोधकांनी 1967 मध्ये या वागण्याचा सविस्तर अभ्यास मांडला. डिस्कसमध्येही हेच घडतं. तिथे अंडी घातल्यावर स्रावातली प्रथिनं वाढतात आणि तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास आईबाप पिल्लांना चुकवून दूर पोहू लागतात, असं 2010 च्या एका अभ्यासात दिसलं. दूध तोडतात, म्हणा ना.

माझ्या क्रोमाइडच्या जोडीला सध्या तेरा दिवसांची पिल्लं आहेत. टाकीत थोडं मीठ आहे, तळाशी वाळू आणि नारळाची करवंटी. नारिंगी आई स्थिर उभी असते, पिल्लं एकेक करून तिच्या कुशीला घासून जातात, मग बापाकडे वळतात. दोघांतली आई कोणती, हे मला अंडी घालताना पाहिलं म्हणूनच माहीत आहे.