घायपात शंभर वर्षांनी फुलतो, हे खरं नाही

पिवळ्या काठाच्या पानांचा शोभेचा घायपात ‘सेंच्युरी प्लँट’ म्हणून विकला जातो. या नावामुळेच तो शंभर वर्षांतून एकदा फुलतो, असा समज वर्षानुवर्षं पसरलाय. प्रत्यक्षात मूळच्या मेक्सिकोच्या या झाडाला साधारण १० ते ३० वर्षांत फुलोरा येतो. आयुष्यात एकदाच येतो, एवढं मात्र खरं.

पानांत साठवलेली सगळी साखर तेव्हा फुलोऱ्याच्या दांड्यात जाते. दांडा पाच-सहा मीटरपर्यंत चढतो, खालची मांसल पानं सुरकुतत जातात आणि झाड मरतं. देखभालीत तुमचं काही चुकलेलं नसतं. दांडा छाटूनही झाड वाचत नाही. मेक्सिकोत पुल्के या पेयासाठी फुलोऱ्याआधीच मधला कोंब काढून रस गोळा करतात, तरी ते झाड शेवटी मरतंच.

पिवळ्या पट्ट्यांत हरितद्रव्य कमी, म्हणून वाढ संथ. कुंडीत तर फुलोरा आणखी लांबतो. तेव्हा लक्ष द्या ते बुडाशी फुटणाऱ्या पिल्लांकडे. पट्टेरी पिल्लू मुळांसकट काढा, जखम काही दिवस सावलीत सुकू द्या, मगच भरड, पाणी न धरणाऱ्या मातीत लावा. निव्वळ हिरवं पिल्लू वेळीच काढून टाका, नाहीतर तेच जोमानं वाढून पट्टेरी झाडाला दाबतं. कोकणातल्यासारख्या पावसात कुंडी छपराखाली हवी. पानांवर दिसणारे दातेरी ठसे शेजारच्या पानाच्या काट्यांचे असतात, रोग नव्हे. चीक मात्र खाजरा, हातमोजे घालाच.