नावाचा मार्का: विदर्भातल्या गावांची एक जुनी गोष्ट

तालुक्याच्या ठिकाणी हल्ली शिबिर असलं की त्यात ‘पर्सनल ब्रँडिंग’ हा एक तास असतोच. समोर आशाताई, कृषी सेवा केंद्रवाले, नुकतेच रुजू झालेले ग्रामसेवक, बचत गटाच्या अध्यक्ष. त्यांना सांगतात: स्वतःची ओळख तयार करा, प्रोफाइल नीट ठेवा, केलेलं काम दिसू द्या. सल्ला चुकीचा नाही. पण तो असा दिला जातो, जणू गावाला हे सारं नवंच आहे. मला ते खटकतं. नाव कमावणं, नाव राखणं आणि नावाच्या आड लबाडी करणं, हे तिन्ही इथल्या लोकांनी पिढ्यानपिढ्या पाहिलंय. वऱ्हाडच्या कापसात तर त्यासाठी कायदे करावे लागले.

ब्रँड या इंग्रजी शब्दाचं मूळ जाळण्यात, तापल्या लोखंडाने खूण करण्यात आहे. आपल्याकडे त्याला डाग म्हणतात. मोगल लष्करात घोड्याला डाग द्यायचे आणि शिपायाचं वर्णन, म्हणजे त्याचा ‘चेहरा’, वहीत उतरवून घ्यायचे. कारण साधं होतं. हजेरीच्या दिवशी मनसबदार, म्हणजे फौज बाळगणारे सरदार, उसने घोडे उभे करत आणि पगार उचलत. खूण आली ती ही फसवणूक पकडायला. मराठीने मात्र या शब्दाला दुसराही अर्थ जोडून ठेवला: नावावर लागतो तोही डागच.

गावात कागद नव्हता, लोकांची तोंडं होती. गुढीपाडव्याला सालदार, म्हणजे वर्षभरासाठीचा शेतगडी, ठरायचा. त्याआधी पारावर त्याची चौकशी व्हायची: औत कसं धरतो, बैलाला मारतो का, रात्री ओलिताला वावरात जातो की घरीच झोपतो. पोळ्याला तर सारं उघड्यावरच यायचं. बैल तोरणाखाली उभे राहिले की जाणती माणसं आधी शिंगांचा रंग बघत नसत, जुवाखालचा खांदा बघत. खांदा सोललेला दिसला की सालदाराबद्दल वेगळं बोलावं लागत नसे. ज्याच्या बैलाचा खांदा साफ, त्याला पुढच्या पाडव्याला दोन घरून बोलावणं यायचं.

या तोंडी नावलौकिकाचं कौतुक करताना एक गोष्ट मात्र लपवू नये. ‘काय करतोस’ याआधी ‘कोणाचा’ हा प्रश्न यायचा. पुष्कळांचं नाव त्यांच्या जन्माआधीच ठरलेलं असे, आणि मालकाचं नाव तपासायची सोय सालदाराला नव्हती. बाईला तर नावच नसे. ती अमक्याची सून, तमक्याची माय.

मग कापसाचा पैसा आला आणि नावाची गोष्ट गावाच्या शिवेबाहेर गेली. 1861 ते 1865 अमेरिकेत यादवी युद्ध चाललं, तिथला कापूस थांबला आणि इंग्लंडच्या गिरण्यांनी हिंदुस्थानकडे पाहिलं. वऱ्हाडचा कापूस लिव्हरपूलच्या बाजारात ‘ऊमरा’ म्हणून ओळखला जायचा. उमरावती, म्हणजे आपली अमरावती, तिच्यावरून पडलेलं ते नाव. एका गावाचं नाव साता समुद्रापार भाव ठरवत होतं. पण भाव चढला तशी भेसळही चढली. कापसावर पाणी मारायचं, आत रेती-सरकी राहू द्यायची, हलका माल चांगल्यात घालायचा. तक्रारी इतक्या झाल्या की मुंबई सरकारला 1863 मध्ये कापसातल्या लबाडीविरुद्ध कायदा करावा लागला. 1870 मध्ये खामगावच्या कापूस बाजारापर्यंत रेल्वेचा फाटा आला. 1886 मध्ये कारंजा इथे देशातला पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला, आणि 1897 मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदाच आला. दलाल आणि मापाऱ्याला आता परवाना लागू लागला. ज्याच्या हातात काटा, त्याचं नाव नोंदवहीत.

पुढचे दोन कायदे मला सगळ्यांत बोलके वाटतात. 1923 च्या कायद्याने सरकारला बाहेरचा हलका कापूस नावाजलेल्या भागात आणण्यावर बंदी घालता येऊ लागली, कारण लोक तो तिथे आणून तिथल्याच नावाने विकत. आणि 1925 च्या जिनिंग-प्रेसिंगच्या, म्हणजे सरकी काढून गाठी बांधणाऱ्या कारखान्यांच्या, कायद्याने प्रत्येक गाठीवर प्रेसचा ठरलेला मार्का आणि अनुक्रमांक टाकणं बंधनकारक झालं. गाठ कुठेही फोडा, आत ओला कापूस निघाला तर ती कोणत्या प्रेसमध्ये बांधली ते सापडलं पाहिजे. मार्का मिरवायला नव्हता, सापडायला होता.

हर्राशीच्या, म्हणजे लिलावाच्या वेळी अडत्या गाडीत कोपरापर्यंत हात घालून तळातला कापूस काढायचा, तो मी लहानपणी पाहिलाय. मुठीत कवडी, म्हणजे किडका-पिवळा कापूस, आली की भाव तिथेच पडायचा. एका म्हाताऱ्याच्या गाडीशी मात्र तो नुसता उभा राहून बोली लावायचा. ‘याच्या गाडीत वर एक न् खाली एक राहत नाई,’ एवढंच म्हणायचा.

स्वातंत्र्यानंतर गावात सरकारी नोकर वाढले आणि नाव फायलीत गेलं. तलाठी असो, शिक्षक असो की ग्रामसेवक, त्याची व्यावसायिक प्रतिमा वरिष्ठांनी लिहिलेल्या गोपनीय अहवालात तयार व्हायची, आणि ती त्यालाच दिसायची नाही. फक्त प्रतिकूल शेरा असला तर कळवायचे. 2008 मध्ये देव दत्त खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत मोडली. त्या कर्मचाऱ्याला एका वर्षी ‘चांगला’ असा शेरा होता. पदोन्नतीला ‘अति चांगला’ लागत होता. शेरा प्रतिकूल नाही म्हणून त्याला कळवला नाही, आणि बढती हुकली. न्यायालयाने सांगितलं, प्रत्येक शेरा कळवलाच पाहिजे. आपल्याबद्दल काय लिहिलंय ते वाचायचा हक्क मिळणं, ही प्रतिमेच्या इतिहासातली फार मोठी गोष्ट आहे, आणि शिबिरांत तिचा उल्लेख कधी होत नाही.

आजच्या अर्थाने ‘पर्सनल ब्रँड’ ही कल्पना रुजली ती अमेरिकेत, 1997 मध्ये व्यवस्थापनावर लिहिणारे टॉम पीटर्स यांनी ‘फास्ट कंपनी’ मासिकात लिहिलेल्या लेखापासून. तिथे कायमच्या नोकरीचा भरवसा उरला नव्हता, म्हणून माणसाने स्वतःलाच कंपनीसारखं उभं करावं, असा सूर. 2003 मध्ये लिंक्डइन ही नोकरी-धंद्याच्या ओळखींची वेबसाइट आली. गावात हे वारं पोचलं 2016 नंतर, जिओने डेटा स्वस्त केल्यावर, आणि ते लिंक्डइनवर नाही, व्हॉट्सॲपच्या स्टेटसवर पोचलं.

बायकांची वाट मात्र वेगळी आहे. बचत गटाच्या बैठकीत पहिल्यांदा ‘आपलं नाव सांगा’ म्हटल्यावर कित्येकींनी नवऱ्याकडचं नातं सांगितलेलं मी ऐकलंय. मग हजेरीवर सही, मग बँकेत, मग मसाल्याच्या पुडीवर. वर्धा जिल्ह्यातल्या वायगावच्या हळदीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे गावाच्या नावाला कायद्याचं कुंपण मिळालं. तसंच 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यामुळे पुडीवर चौदा आकडी नोंदणी क्रमांक छापावा लागतो. 1925 च्या गाठीसारखंच: मार्का आणि नंबर.

आमच्या शेजारच्या ताई मिरचीपूड करतात. पुडीवर त्यांनी गटाच्या नावाखाली स्वतःचं नाव आणि मोबाइल नंबर छापलाय. घरच्यांनी आधी विरोध केला, बाईचा नंबर असा उघड्यावर कशाला म्हणून. मागच्या पावसाळ्यात वरूडहून एका गिऱ्हाइकाचा फोन आला, पुडी ओली लागते म्हणे. ताईंनी वही काढली, ती कोणत्या दिवशी भरली ते पाहिलं, त्या दिवशीच्या उरलेल्या सगळ्या पुड्या दुकानांतून परत मागवल्या आणि अंगणात ताडपत्रीवर फोडून वाळत घातल्या.