भाताविना एक वर्ष

मालवणात कुणाकडे पानावर बसून "मला भात नको" म्हणून बघा. "जीवाक बरा नाय काय?" हा प्रश्न ठरलेला. माझ्या मावसभावानं कीटो, म्हणजे भरपूर चरबी आणि जेमतेम कर्बोदकं असा आहार, धरलं तेव्हा बांगड्याचं तिकलं नुसतंच खाता खाता तो हे रोज ऐकायचा. तरी खूश होता. वजनाचा काटा खाली येत होता. चतुर्थीपर्यंत मात्र घरात कुणी त्याच्या वाटेला जाईना.

एका माणसावरून काही सिद्ध होत नाही. पण ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी 2009 साली प्रसिद्ध केलेला प्रयोग मला तेव्हा आठवला. त्यात वजन जास्त असलेली 106 माणसं होती. चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गट पाडले, उष्मांक दोघांना सारखेच. एका गटाला भरपूर चरबी आणि नावापुरती कर्बोदकं: आधी 8 आठवडे दिवसाला 20 ग्रॅमच्या आत, पुढे फार तर 40. (शंभर ग्रॅम शिजलेल्या भातातच साधारण 28 ग्रॅम असतात.) दुसऱ्या गटाला कमी चरबी, जास्त कर्बोदकं. वर्षभरात सरासरी 13.7 किलो उतरले. दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता.

पहिल्या 8 आठवड्यांत दोघांचीही मनःस्थिती सुधारली होती. पुढे कर्बोदकं खाणाऱ्यांची सुधारणा टिकली, चरबीवाल्यांची ओसरत पुन्हा मूळ पातळीकडे गेली. म्हणजे दुसऱ्या महिन्यातल्या उत्साहावरून आहाराला प्रशस्तिपत्र देण्यात अर्थ नाही.

कारण काय? नेहमी सांगितलं जातं ते सेरोटोनिनचं, म्हणजे मनःस्थितीशी जोडल्या जाणाऱ्या मेंदूतल्या रसायनाचं. ते ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लापासून, म्हणजे प्रथिनांच्या एका घटकापासून बनतं, आणि मेंदूत शिरताना ट्रिप्टोफॅनला इतर अमिनो आम्लांशी रेटारेटी करावी लागते. कर्बोदकांनी इन्शुलिन वाढलं की ती बाकीची मंडळी स्नायूंकडे वळतात, याची वाट मोकळी होते. मला हे पुरेसं वाटत नाही. जेवणात थोडी प्रथिनं असली तरी हा परिणाम बराचसा पुसला जातो. आपण तर भाताबरोबर मासेच खातो.

संशोधकांनी आणखी एक शक्यता मांडली होती: भोवतालचे सगळे पाव-पास्ता खात असताना असा आहार वर्षभर निभावणं अवघड. कोकणात तर सकाळची पेज तांदळाची, घावणे तांदळाचे, मोदकाची उकडही तांदळाचीच. त्या चतुर्थीला भावानं मोदक फोडून आतलं खोबरं खायला घेतलं आणि त्यात गूळ आहे हे आठवून तसंच खाली ठेवलं.