‘हाइनकेल 113’चं किट मागवताय? आधी हे वाचा

आम्ही विमानांची छोटी मॉडेलं जोडायची किटं विकतो. दर थोड्या दिवसांनी एखादं पार्सल परत येतं. आत चिठ्ठी असते : ‘113 मागवलं होतं, तुम्ही 100 पाठवलंत.’ पिशवी फाडलेली, पंख स्प्रूवरून (सुटे भाग ज्या चौकटीला जोडून येतात तिच्यावरून) कापलेले, एकदा तर कॉकपिटला राखाडी रंगाचा पहिला हातही मारलेला होता. असा माल आम्ही परत घेत नाही. काहींना राग येतो, पण कापलेलं किट आम्ही पुढे कुणाला विकणार? आणि पाठवलेला माल चुकीचा नसतोच. 113 नावाचं जर्मन लढाऊ विमान कधी बनलंच नाही.

बनलं होतं ते हाइनकेल 100. त्याच्या एका नमुना-विमानावर हान्स डीटर्लेने 30 मार्च 1939 रोजी ताशी 746.6 किलोमीटरचा जागतिक विक्रम केला. तरी जर्मन हवाई दलाने आपलं मेसरश्मिट 109 हे लढाऊ विमानच चालू ठेवलं आणि हाइनकेल कंपनीच्या हाती डझनभर ‘100 डी-1’ (100चाच एक प्रकार) उरली. 1940 मध्ये नाझी प्रचारमंत्री गोबेल्सच्या यंत्रणेने तीच कामाला लावली. नसलेल्या तुकड्यांची चिन्हं रंगवायची, फोटो काढायचे, चिन्हं पुसून दुसरी रंगवायची, पुन्हा फोटो. जणू नवं 113 ताफ्यात आलंय! ब्रिटिश वैमानिक तर ‘113शी गाठ पडली’ असे अहवाल देऊ लागले. त्यांनी पाहिली ती बहुतेक 109च. जमिनीवर फरक सोपा आहे : 109ची चाकं बाहेरच्या बाजूला मिटतात, 100ची आतल्या. पण हवेत चाकं दिसतात कुठे?

तेव्हा ऑर्डर देताना ‘हाइनकेल 100 डी-1’ असंच लिहा. पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत 1/72 मापात (खऱ्याच्या बहात्तराव्या हिश्शाएवढ्या मॉडेलात) साधारण 13 सेंमी भरतात, 1/48 मध्ये साडेएकोणीस. कपाटात जागा बघून घ्या. विक्रमवालं विमान करायचं असेल तर मात्र डी-1 घेऊ नका. डी-1च्या पोटाखाली रेडिएटर आहे. विक्रमाच्या विमानाचं इंजिन पंखांच्या पत्र्याआडून थंड व्हायचं आणि पंखही आखूड होते. डी-1 तासून ते होत नाही, दोघांनी करून पाहिलंय.

‘खऱ्या स्क्वाड्रनची डिकल (मॉडेलवर चिकटवायची छापील चिन्हं) द्या’ हीसुद्धा नेहमीची मागणी. खरी स्क्वाड्रन नव्हतीच, कुठून देणार? त्या प्रचारी फोटोंवरून आम्ही स्वतः डिकलचा ताव छापलाय, दोन्ही मापांत. किटसोबत घेतलात तर कुरिअरचा वेगळा खर्च पडत नाही. मॅट रंगावर थेट लावू नका. आधी ग्लॉस कोट (चकचकीत वार्निशचा हात) द्या, नाहीतर डिकलची पारदर्शक फिल्म चकाकते आणि खापर आमच्या छपाईवर फुटतं.

शंका असेल तर पिशवी फोडण्याआधी फोन करा. बंद पिशवी सात दिवसांत बदलून मिळेल.