शंख घडतो तो काठावर

मातीचा शंख करायला बसलेला नवखा माणूस बहुतेक वेळा एक मोठा गोळा घेतो, त्याला टोक काढतो आणि वरून सुरीनं वेटोळ्याच्या रेघा ओढतो. हाती येतो तो रेघा मारलेला बटाटा. हात वाईट असतो असं नाही, सुरुवात चुकीच्या बाजूनं झालेली असते.

खरा शंख बाहेरून कोरला जात नाही. आतल्या प्राण्याच्या अंगावर प्रावार नावाचा मऊ पडदा असतो. त्याची कड कवचाच्या तोंडाशी कॅल्शियम कार्बोनेट आणि थोडं प्रथिन सोडत राहते. कवच लांबतं ते फक्त त्या काठावर, मागची वेटोळी पुन्हा मोठी होत नाहीत. काठाच्या एका अंगाला जास्त भर, दुसऱ्या अंगाला कमी, आणि हे प्रमाण कायम. एवढ्यावर कवच वळत जातं आणि कितीही वाढलं तरी आकार तोच राहतो. अमेरिकी पुराजीवशास्त्रज्ञ डेव्हिड रॉप यांनी 1966 साली हे फार सुटसुटीत मांडलं. तोंडाचा आकार कसा, दर फेऱ्याला ते किती पटीनं वाढतं, आसापासून किती दूर राहतं आणि आसाच्या दिशेनं किती सरकतं, एवढ्या चार गोष्टी ठरवल्या की गुंडाळलेल्या कवचांचे नाना प्रकार कॉम्प्युटरला काढता येतात.

चाकाशिवाय, मातीच्या वळ्या एकावर एक चढवून भांडं करायची रीतही काठावरच चालते. जपानमधली जोमोन या प्राचीन काळातली भांडी हजारो वर्षं अशीच घडत होती. करून बघा. वळी करताना तिची एक बाजू जाड ठेवायची, दुसरी बारीक. ती कड्यासारखी बसवली की तोंड किंचित कलतं. पुढची वळी त्याच प्रमाणात थोडी लांब घ्यायची, जाड बाजू पुन्हा त्याच अंगाला. काही वळ्यांतच बैलाचं शिंग दिसायला लागतं. जाड बाजू दर वेळी जराशी पुढे सरकवली तर शिंगाला पीळ पडतो आणि शंखाची चाल सुरू होते.

हेच काम आपल्या खिडकीच्या चौकटीत कुंभारीण करते. बारीक कमरेची ही गांधीलमाशीची नातलग ओल्या मातीची गोळी जबड्यात धरून आणते आणि काठावर पट्टीसारखी पसरवते. काही जाती तर सुबक गळ्याचं मडकं करतात. माती लावताना कुंभारीण गुणगुणते, ते कान देऊन ऐकण्यासारखं आहे. ओल्या चिकणमातीला कंप दिला की कणांची मांडणी क्षणभर सैल होते, माती वाहू लागते. कंप थांबला की पुन्हा घट्ट. ओल्या मातीवर तळव्यानं थापट्या मारल्या की वर पाणी चमकतं, तोही याच जातीचा प्रकार. संतसाहित्यात भृंगीचा, म्हणजे अशाच कुंभारणीचा, दृष्टान्त येतो: ती अळीला कोंडते, भोवती गुणगुणत राहते आणि ध्यासानं अळीचीच भृंगी होते. बघणाऱ्यानं बरोबर बघितलं होतं, अर्थ तेवढा वेगळा निघाला. कोंडलेल्या अळ्या किंवा कोळी हे तिच्या पिल्लाचं अन्न. गुणगुण, माझ्या मते, मातीसाठी.

इथपर्यंत माती निसर्गाचं ऐकते. पुढे ती आपलं खरं करते, कारण शंख वाळताना आक्रसत नाही आणि माती आक्रसते. चिकणमातीचे कण चपटे, एका मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास. त्यांच्यामधल्या पाण्याच्या थरावर ते घसरतात, म्हणून माती वळते. ते पाणी उडालं की कण जवळ येतात आणि वस्तू साधारण 5 ते 10 टक्के लहान होते. सगळीकडे सारखी झाली तर बिघडत नाही. पण कमळाची पाकळी घ्या: कड पातळ, देठाकडे जाड. कड आधी वाळून ओढ घेते, देठ अजून ओलाच, आणि काठावर भेग. म्हणून पाकळ्यांच्या कडांवर प्लास्टिक टाकायचं आणि जाड भाग उघडा ठेवायचा. पुष्कळजण नेमकं उलटं करतात. वाळत आलेल्या देठाला ओलं पान चिकटवलं तर तेही सुटतं. दोन्हीकडे ओल सारखी हवी, जोड ओरखडून मध्ये पातळ चिखल हवा. आपले कुंभार मातीत राख आणि घोड्याची लीद घालतात ती याचसाठी: आक्रसणं कमी होतं आणि ओलीला बाहेर पडायला वाट मिळते.

भट्टीत आणखी एक वळण असतं. मातीतल्या वाळूतलं क्वार्ट्झ 573 अंश सेल्सियसला एकदम थोडं फुगतं आणि निवताना तिथेच आकसतं, त्यामुळे भट्टी उघडायची घाई तड्याला आमंत्रण देते. डाळिंबासारख्या बंद पोकळ आकाराला तर त्याआधीच धोका. आत कोंडलेली हवा तो फोडते अशी समजूत आहे, पण खरा दोष बहुधा भिंतीत उरलेल्या ओलीचा. शंभर अंशाला तिची वाफ होते आणि जाड भिंतीतून ती पुरेशा वेगानं निघू शकत नाही. डाळिंब आठवडाभर वाळू द्यावं, सुरुवातीची आच मंद ठेवावी आणि बुडाशी सुईनं एक आरपार भोक पाडावं.