लेझरनं पाण्यातलं प्रदूषण ओळखणे

बोअरचं पाणी ग्लासात घेतलं की काचेसारखं दिसतं, पण त्यात नायट्रेट किती आहे हे ना डोळ्याला कळतं ना जिभेला. लेझरची तपासणी इथंच कामाला येते. एकाच रंगाचा उजेड पाण्यात सोडायचा अन् आतून परत येणारा उजेड कसा बदलला ते स्पेक्ट्रोमीटरवर (उजेडातले रंग वेगळे करून मोजणारं यंत्र) बघायचं, मूळ एवढंच.

यातली मुख्य पद्धत म्हणजे रामन. सी. व्ही. रामन यांनी हा परिणाम १९२८ ला कोलकात्यात दाखवला, तेव्हा लेझर नव्हताच (तो १९६० ला आला), त्यांनी सूर्यप्रकाश अन् पाऱ्याचा दिवा वापरला होता. बहुतेक उजेड आहे त्याच रंगात विखुरतो, अगदी थोडा रंग बदलून येतो आणि तो बदल किती हे ज्या त्या रेणूवर ठरतं, म्हणून नायट्रेटची खूण, म्हणजे रेघ, १०५० प्रति सेंटीमीटरच्या (रंग किती बदलला ते मोजायचं एकक) आसपास दिसते तर सल्फेटची ९८० जवळ. इन्फ्रारेड उजेडानं तपासायला गेलं तर तो शोषून घेऊन पाणीच आडवं येतं, रामनला तेवढं येत नाही. मात्र सिग्नल लई दुबळा असतो, त्यामुळं कीटकनाशकाचा अगदी थोडा अंश शोधायचा तर चांदीचे किंवा सोन्याचे नॅनोकण (अतिसूक्ष्म कण) वापरून सिग्नल वाढवावा लागतो.

मराठवाड्यासाठी नायट्रेट महत्त्वाचं, कारण युरिया, उकिरडा अन् शौचखड्डे यांचं पाणी मुरत मुरत विहिरीत अन् बोअरात उतरतं. पिण्याच्या पाण्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे, बाटलीवर दूध पिणाऱ्या तान्ह्या लेकराला त्याच्यावरचं पाणी धोक्याचं, आणि पाणी उकळून नायट्रेट जात नाही उलट पाणी आटलं की वाढतं, हे घराघरात सांगायला पाहिजे.

पण फ्लोराइड? नांदेड जिल्ह्यातल्या किनवट भागात त्याचा त्रास जुना आहे अन् तिथंच रामन पद्धत कमी पडते. फ्लोराइडचा आयन (विजेचा भार असलेला कण) एकट्या अणूचा, त्यात थरथरायला दोन अणूंमधला बंधच नाही मग रेघ कुठून येणार! त्याला फ्लोराइडचं इलेक्ट्रोड किंवा तसली दुसरी पद्धत लागते. लेझरवाल्या मशीननं सगळं कळतं असं कोणी सांगितलं तर हा प्रश्न जरूर विचारावा.

दुसरी पद्धत चमकण्याची, म्हणजे फ्लोरोसन्स. शेवाळातलं क्लोरोफिल लेझर पडल्यावर ६८५ नॅनोमीटरजवळ लाल चमकतं, तेलाचा तवंग अतिनील लेझरखाली चमकतो. पैठणच्या नाथसागरासारख्या मोठ्या जलाशयात, जिथं खाम नदी छत्रपती संभाजीनगर शहराची घाण घेऊन येते, तिथं बोटीतून फिरत शेवाळ मोजायला ही पद्धत सोयीची, बाटल्या भरभरून लॅबला न्यायची गरज कमी होते.

शिसं, क्रोमियम असल्या धातूंसाठी जोरदार लेझरनं प्लाझ्मा (खूप तापून चमकणारा वायू) पेटवतात आणि त्याचा उजेड वाचतात. पाण्यात तो लगेच विझतो अन् शिंतोडे उडतात म्हणून थेंब फिल्टर कागदावर वाळवून मग लेझर मारतात.

पावसाळ्यात काळ्या मातीचं गढूळ पाणी आलं की मातीचे कण उजेड विखुरतात अन् कुजलेल्या पाल्यापाचोळ्याची चमक रामनची रेघ झाकून टाकते, तेव्हा निदान मातीचे कण काढायला नमुना आधी गाळून घ्यावाच लागतो.